गाळून वाचलेली पत्रं

विजयवाडा, ११ जुलै २०००

चि. गौतम,

हे पत्र तुझ्या एलुरूच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे, नल्लकुंट्याच्या घरी नाही. वाचून झालं की फाडून टाक.

मागच्या सोमवारी तू आमच्या दवाखान्यात आलास तेव्हा टेबलामागे मी बसले होते. मला पाहून तू दारातूनच वळायला लागलास आणि मीही क्षणभर मान खाली घातली, हे आधी कबूल करते. मग तू बसलास. आम्ही नाव विचारत नाही, तरी तू आपणहून ‘श्रीनिवास’ म्हणून सांगितलंस. अरे, मी तुला कडेवर घेऊन बडीचौडीच्या बाजारातून फिरवलं आहे. माझी आई गेल्यावर मावशीने, तुझ्या आईने, मला घरी आणलं आणि आपल्या दोघांना एका ताटात जेवू घातलं. आणि त्या दिवशी मी समोर बसून विचारत होते, ‘श्रीनिवास, लग्न झालंय का?’

गुरुवारी निकाल तुला डॉक्टरांनी सांगितला, पण कागद माझ्या हातून गेला. दुसऱ्यांदा तपासलं तरी तेच आलं. एचआयव्हीची लागण आहे. मी हे कुणाला सांगणार नाही. मावशीला नाही, शिल्पाला नाही. इथे लागताना तसं लिहून दिलं आहे, आणि ते आम्ही मोडलं तर उद्या या दाराशी कुणी फिरकणार नाही.

पण तू सांग. शिल्पाला चौथा महिना चालू आहे. तिचं रक्त तपासायला हवं. तिलाही लागण झाली असेल तर शेवटच्या महिन्यापासून घ्यायचं एक औषध आता हैदराबादेत एका सरकारी दवाखान्यात मिळायला लागलं आहे. त्याने बाळ लागणीतून सुटण्याची शक्यता पुष्कळ वाढते. मात्र बाळंतपण तिथेच व्हायला हवं. आणि तुम्ही तर पहिली खेप म्हणून सातव्यात तिला उदगीरला माहेरी धाडणार. उदगीरला हे औषध नाही. म्हणजे तुझ्या हातात जेमतेम तीन महिने आहेत.

मी रागावलेली नाही, असं लिहिणार होते. खोटं कशाला लिहू, रागावले आहे. पण त्याहून जास्त भीती वाटते आहे.

निशिताई


एलुरू, १९ जुलै

निशिताई,

पत्र मिळालं. फाडलं.

तू उगाच परेशान होतेस. मी काय लॉरीवाला आहे का? सुपरवायझर आहे. कंपनीने मोटरसायकल दिली, डोक्यावर हेल्मेट दिलं. आज गावोगाव फोन वाजतात ते माझ्या सहीने जमिनीत गेलेल्या केबलवर. तुमच्या त्या यादीत माझ्यासारखी माणसं असतात का सांग. तब्येत ठणठणीत आहे, चार मैल चराच्या कडेने चालतो रोज. मशीनची चूक होत नाही काय?

वर्षातले नऊ महिने लॉजवर काढून बघ, मग बोल. इथे सगळे जातात. मी दोन-तीनदा गेलो असेन.

शिल्पाला काइकू सांगायचं? तिला काय झालंय? धडधाकट आहे. आईला कळलं तर ती तिथल्या तिथे प्राण सोडेल. आधी बाळंतपण होऊ दे, मग बघू.

तू लिहून दिलंस ना? मग पाळ.

गौतम


विजयवाडा, २ ऑगस्ट

प्रिय मावशी, इथूनच तुझ्या पाया पडते.

आधी दोन शब्द अमृताला. बाळ अमृता, तू मावशीचे डोळे झाली आहेस याचं मला फार कौतुक आहे. नववीचा अभ्यास सांभाळून शेजारच्या आजीची पत्रं वाचून देणं, लिहून देणं सोपं नाही. आजचं पत्र मात्र मावशी एकटी असेल तेव्हा वाच. शिल्पावहिनी स्वयंपाकात असेल तेव्हा.

मावशी, फोनवर बोलले असते, पण फोन खाली घरमालकांकडे, आणि तिथे आपलं बोलणं ऐकायला निम्मी गल्ली बसलेली असते. म्हणून लिहिते. मोतीबिंदू पिकला का गं? डॉक्टर पिकायची वाट पाहा म्हणतात, पण तू त्या वाटेवर बस्तानच मांडलं आहेस.

तू सगळ्यांना सांगतेस की आमची निशी हमरस्त्यावर लॉऱ्या मोजते. फार चुकीचं नाही ते. चेन्नईपासून कलकत्त्यापर्यंत जो रस्ता समुद्राकाठाने जातो, त्याच्या कडेच्या गावांत एचआयव्ही कुणाला होतो आणि कसा पसरतो, हे आम्ही विचारत फिरतो. ड्रायव्हर, क्लीनर, रस्त्यावर धंदा करणाऱ्या बायका, गुप्तरोगाच्या दवाखान्यात येणारी माणसं. लोक आमच्याशी बोलतात, कारण आम्ही कुणाचं नाव लिहीत नाही. एक पिवळं कार्ड देतो, हाताच्या तळव्याएवढं. त्यावर नुसता आकडा. ते कार्ड दाखवलं की निकाल मिळतो, आणि कार्ड हरवलं तर आम्हालाही कळत नाही की कोण माणूस होता.

आता मुद्द्याचं. हल्ली दिवस गेलेल्या प्रत्येक बाईचं हे रक्त तपासावं असं आम्हाला वाटतं. प्रत्येकीचं. शिल्पाचंही करून घे. आणि तिला उदगीरला पाठवू नकोस, बाळंतपण हैदराबादेतच होऊ दे. कारण विचारू नकोस, या कामात मुरलेल्या भाचीचा हट्ट समज. शिल्पाला काही सांगायची गरज नाही, नेहमीच्या तपासणीबरोबर होऊन जाईल.

तुझी
निशी


नल्लकुंटा, हैदराबाद, २१ ऑगस्ट

चि. निशिगंधास मावशीचा भरभरून आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून घेतलं आणि कपाळावर हात मारला. अगं, कुठल्या घरात कसला आजार आणतेस? तुझे काका एकनाथराव तीस वर्षं कोर्टात शिरस्तेदार होते, सगळा मोहल्ला त्यांना सलाम करायचा. उदगीरची माणसं शाळामास्तरांची. गौतम रस्त्यावर असतो खरा, पण त्याच्या हाताखाली चाळीस माणसं आहेत. तो का त्या लॉरीवाल्यांतला? सुनेचं रक्त तपासा म्हटलं तर तिला काय वाटेल, आणि विहीणबाई काय म्हणतील? आमच्या वेळी नाडी बघून सगळं कळायचं.

पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. तू स्वतः लग्न केलं नाहीस म्हणून इतरांच्या चालीरीती मोडू नकोस. हे रागाने नाही, प्रेमाने सांगते.

मोतीबिंदू अजून कच्चाच आहे. शिल्पा मला वाचून दाखवायला अफझलगंजच्या लायब्ररीतून मराठी पुस्तकं बदलून आणते. फार गुणाची आहे. चवथ्या महिन्यातल्या उलट्या आता थांबल्या.

सहज विचारते, ते औषध नक्की कितव्या महिन्यापासून घेतात? आणि ते कुठल्या दवाखान्यात मिळतं? तिथे नाव सांगावं लागतं का? नवऱ्याला बरोबर न्यावं लागतं का?

तुझी
मावशी
(पत्र लिहिणार : अमृता)


विजयवाडा, १ सप्टेंबर

मावशी,

तू मला झापलंस आणि शेवटी चार प्रश्न विचारलेस. त्या चार प्रश्नांसाठी मी तुला सगळं माफ केलं. अमृताचं मराठीही केवढं सुधारलं आहे, गेल्या वर्षी तर ‘नमस्कार’ लिहिताना तिची दमछाक व्हायची.

दवाखान्याचा पत्ता, बसचा नंबर आणि तिथल्या सिस्टरचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवलं आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी जायचं. नवऱ्याला न्यायची सक्ती नाही. औषध छत्तिसाव्या आठवड्यापासून, म्हणजे शिल्पाच्या बाबतीत नोव्हेंबरच्या मध्यापासून. तपासणी मात्र आत्ताच व्हावी. आणि लागण निघालीच तर बाळाला अंगावर पाजायचं की बाहेरचं दूध द्यायचं, हे तिथल्या डॉक्टर समजावून सांगतात.

मावशी, लॉरीवाल्यांबद्दल तू लिहिलंस म्हणून सांगते. सुरुवातीला आम्हीही तसाच विचार करत होतो. फॉर्मवर धंद्याचे रकाने होते. ड्रायव्हर, क्लीनर, हमाल, हॉटेल कामगार. शेवटी एक ‘इतर’. वाटलं, ‘इतर’मध्ये चार-दोन माणसं येतील. वर्षभराने बेरीज केली तर ‘इतर’मध्ये लागण ड्रायव्हरांच्या मागोमाग. औषधकंपन्यांचे एजंट, बोअरवेलचे ऑपरेटर, बियाणं विकणारे, पुलांचे इंजिनिअर. या सात-आठ वर्षांत ज्यांना नव्या नोकऱ्या लागल्या, बूट-पँट आली, आणि महिनोन्‌महिने घराबाहेर राहायची वेळ आली, ती सगळी आपल्यासारख्या घरांतली मुलं. मग मी दुसरा एक रकाना काढून पाहिला, ‘घर सोडून किती दिवस झाले?’ धंदा काय यापेक्षा त्या आकड्याने मला जास्त कळलं.

आम्ही भिंतीवर एक मोठा कागद लावला आहे. त्यावर वर्तुळं आणि बाण. रस्त्यावरच्या बायकांकडून ड्रायव्हरकडे, ड्रायव्हरकडून पुन्हा बायकांकडे, तिथून ‘इतर’कडे. प्रत्येक बाण शेवटी एका चौकोनात जातो, त्यात ‘पत्नी’ एवढंच लिहिलं आहे. त्या चौकोनातून कुठेच बाण निघत नाही. एक लहानसा सोडून, तो बाळाकडे जातो. त्या बायकांना आम्ही काही विचारलेलंच नाही. त्या आमच्याकडे येत नाहीत, आणि आम्ही त्यांच्या दाराशी जात नाही. रोज तो कागद बघते आणि मला लाज वाटते.

याहून जास्त मला लिहिता येत नाही. तू शहाणी आहेस.

निशी


नल्लकुंटा, २९ डिसेंबर

चि. निशीस आशीर्वाद.

नात झाली! १४ तारखेला सकाळी. पाच पौंड, रंग गौतमचा, नाक आपलं. तुझ्या आईचं नाव ठेवणार आहे, सुमन. तुला चालेल ना?

बाळंतपण शेवटी इथेच झालं. विहीणबाईंच्या गुडघ्याने दगा दिला आणि त्यांनीच शिल्पाला कळवलं की यंदा आमच्याकडे नको. मला बरंच झालं, नात पहिल्या दिवसापासून मांडीवर आली. सरकारी दवाखान्यात नाव घातलं होतं, कशाला ते शिल्पालाच ठाऊक. मी म्हटलं चांगलं नर्सिंग होम बघू, पण ऐकलं नाही.

एक गोष्ट मात्र मला सहन होत नाही. ती बाळाला अंगावर घेत नाही. पहिल्या दिवसापासून डब्याचं दूध, वाटी-चमचा. भरल्या छातीची बाई, पदर भिजतो, आणि लेकरू रडतं तर ही चमचा उकळत बसते. मी शेजारणींसमोर बोलले तिला. म्हटलं, फिगर बिघडते म्हणून का गं? गाईलासुद्धा वासराची माया असते, तुला तेवढीही नाही. मान खाली घालून ऐकून घेतलं. दगड आहे गं ती मुलगी, दगड. मला दिसत नाही म्हणून काही कळत नाही असं तिला वाटतं.

गौतम चार दिवस येऊन गेला. वाळला आहे. केबलचं काम आता नेल्लूरकडे गेलं.

तुझी
मावशी
(पत्र लिहिणार : अमृता)


नल्लकुंटा, २२ जानेवारी २००१

निशिताई,

हे अक्षर तुम्हाला ओळखीचं वाटेल. गेल्या वर्षभरात आईंच्या नावाने तुम्हाला आलेली सगळी पत्रं याच अक्षरातली आहेत. मी शिल्पा.

अमृता गोड मुलगी आहे, पण इंग्लिश मीडियमची. घरी निम्मं उर्दू, निम्मं तेलुगू. तिला मराठी वाचायचं म्हणजे घाम फुटतो. आईंना ते सांगायची तिला लाज वाटायची. म्हणून तुमचं पत्र आलं की ती आधी माझ्याकडे मागच्या दारी घेऊन यायची, मी एकदा वाचून दाखवायचे, मग ती आईंसमोर पाठ केल्यासारखं म्हणायची. पुढे पुढे तर आई स्वतःच म्हणाल्या, तूच वाच आणि तूच लिही गं. खाली अमृताचं नाव मात्र मी घालतच राहिले. हे तुम्हाला कळवायचं राहिलं. मग मीच ते कळवलं नाही.

तुमचं ऑगस्टचं पत्र मी असंच मागच्या दारी उघडलं. ‘शिल्पावहिनी स्वयंपाकात असेल तेव्हा वाच.’ मी स्वयंपाकातच होते, ताई. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत मी पिवळ्या कार्डापर्यंत पोचले.

ते कार्ड मी बघितलं होतं. जुलैत हे आले तेव्हा धुवायला टाकलेल्या पँटच्या मागच्या खिशात. मला वाटलं लॉजचं असेल, वाळवून परत ठेवलं. तळव्याएवढं, नुसता आकडा. तुम्ही यांचं नाव कुठेही घेतलं नाहीत. तुम्ही नियम पाळलात. तरी मला सगळं कळलं.

आईंना मी एवढंच वाचून दाखवलं की निशिताई म्हणतात रक्त तपासा आणि उदगीरला पाठवू नका. त्यांनी जे झापलं ते शब्द त्यांचेच. शेवटचे चार प्रश्न माझे. तुमची चिठ्ठी आल्यावर पुस्तकं बदलायला म्हणून निघाले आणि अफझलगंजच्या दोन स्टॉप आधी उतरून दवाखान्यात गेले. निकाल आठ दिवसांनी कळला. हो, मलाही आहे.

माझ्या आईचा गुडघा ठीक आहे. मी तिला लिहिलं की सासूबाईंना दिसत नाही, त्यांना सोडून येता येणार नाही. इकडे आईंना तिचं न आलेलं पत्र वाचून दाखवलं. दोन्ही घरांची पत्रं माझ्याच हातात, मग अवघड काय होतं? औषध पिठाच्या डब्यात ठेवलं. दिवसातून दोन वेळा घेतलं, एकदाही चुकवलं नाही.

दगड म्हणाल्या ते पत्र मीच लिहिलं. आई सांगत होत्या आणि मी लिहीत होते, आणि सुमी मांडीवर होती. एक शब्द बदलला नाही. बदलला असता तर तुम्हाला कळलं नसतं की मी पाजत नाही. तुम्हाला कळावं असं मला वाटत होतं. कुणाला तरी कळावं. मग तुमचं चार तारखेचं पत्र आलं, ‘मावशी, तिला डब्याच्या दुधावरून बोलू नकोस, कारण विचारू नकोस.’ ते मी आईंना वाचलं नाही. स्वतःला मात्र पाच-सहा वेळा वाचलं.

यांना मी काही बोलले नाही. त्यांना वाटतं मला माहीत नाही. आले होते तेव्हा सुमीला हातात घ्यायला घाबरत होते.

मला तुमचा राग आला होता, ताई. तुमच्या भिंतीवरच्या त्या चौकोनात मी आहे. तुम्हाला माझं नाव माहीत होतं, घर माहीत होतं, मला कितवा महिना आहे ते माहीत होतं, आणि तुम्ही मला सोडून सगळ्यांना पत्रं लिहिलीत. एक तरी पाकीट ‘सौ. शिल्पा’ नावाने का नाही आलं? यांचं नाव न घेता मला ‘तू तपासून घे’ एवढं लिहिता आलं असतं. मग वाटतं, निदान लिहिलंत तरी. तुम्हाला काय लिहावं तेच मला अजून कळत नाही.

सुमीची खरी तपासणी अठरा महिन्यांची झाल्यावर. तोवर काही सांगता येत नाही म्हणतात. या पत्राला उत्तर पाठवू नका. आईंना नेहमीसारखं लिहा. मी वाचेन.

शिल्पा


नल्लकुंटा, ७ जुलै २००२

निशी,

हे अक्षर वाकडंतिकडं दिसेल. सात वर्षांनी हातात पेन धरलं आहे. एप्रिलमध्ये उजवा डोळा केला, गेल्या महिन्यात डावा. आता मोतीबिंदू पिकायची वाट बघत नाहीत म्हणे, कच्चाच काढतात. एवढी वर्षं मी उगीच बसून राहिले.

डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर सगळ्यात आधी सुमीला बघितलं. तिला मी हातांनी ओळखत होते, पण गालावरची खळी मला कुणी सांगितली नव्हती. मग घर बघितलं, किती धूळ होती. मग एक दिवस शिल्पा सुमीला घेऊन बाहेर गेली असताना वाटलं, आपल्या निशीची पत्रं आता आपल्या डोळ्यांनी वाचावीत. तिच्या ट्रंकेत होती, सुतळीने बांधून, तारखेवार. कुलूप नव्हतं.

मी जमिनीवर बसले आणि सगळी वाचली. तू लिहिलेलं आणि मी ऐकलेलं यात केवढा फरक होता! मला वाटायचं निशी हल्ली कोरडी झाली, चार ओळींत पत्र संपवते. तू तर पानं भरून लिहीत होतीस. तो चौकोनाचा कागद, आणि ‘तिला बोलू नकोस’. एका वहीत माझ्या पत्रांच्या नकलासुद्धा होत्या, तिने ठेवलेल्या. त्यात ते दगडाचं वाक्य. ज्या बाईला मी दगड म्हणत होते तिनेच ते सुंदर अक्षरात लिहून ठेवलं होतं. ते वाचलं आणि मला पुढचं दिसेना. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

ती परत आली तेव्हा मी तशीच पसारा घालून बसले होते. तिने बघितलं. पायरीवर बसली आणि सुमीला माझ्याकडे सोडलं. म्हणाली, ‘आई, आज निकाल होता.’ मी विचारलं, काय? तर म्हणाली, ‘सुमीला काही नाही.’ आणि मग जी रडली, दोन वर्षांचं एकदम. मी तिला धरून बसले. सुमी आपली पत्रं फाडत होती, ती फाडू दिली. तुझं एक पान गेलं त्यात.

गौतमला मी समोर बसवून विचारलं. ‘तिथे सगळे जातात’ म्हणायला लागला. मी म्हटलं, सगळ्यांच्या आया त्यांना विचारतील, मी तुला विचारते. मग बोलला. केबलचं काम सोडलं आहे, सिकंदराबादेत गोदामावर लागला आहे, संध्याकाळी घरी येतो. खोकला आहे. शिल्पा त्याला घेऊन दवाखान्यात जाते, कामापुरतं बोलते. त्याहून जास्त बोल असं मी तिला सांगत नाही, तो हक्क माझा नाही. माझ्या लेकाचा मला राग येतो आणि त्याचा भात झाकून ठेवते. दोन्ही रोज होतं.

तुझ्यावरही रागावले होते. तू मला सरळ लिहायला हवं होतंस. पण लिहिलं असतंस तर मी मानलं नसतं, आणि सुनेलाच बोल लावला असता. मला माहीत आहे मी कशी आहे. तिला मात्र तू लिहायला हवं होतंस, निशी. ती तिथेच होती.

म्हणून आता हे पत्र पाकिटात घालायच्या आधी मी तिला समोर बसवलं आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. दगडाचंही, गौतमचंही. मध्ये दोनदा थांबले, ती म्हणाली, आई, तेवढं राहू द्या. मी एकही वाक्य गाळलं नाही. पुढचं पत्र तिच्या नावाने पाठव.

तुझी
मावशी